दाताखालचा दाणा

आज दुकानात संकरित ज्वारीचं पाकीट फुटलं आणि माझी बोटं गुलाबी झाली. औषधाचा तो उग्र वास आला नि मी थेट शाळकरी वयात जाऊन पोहोचले.

मार्केट यार्डाजवळचं हे बियाण्याचं दुकान आजोबांनी थाटलं. बी विकण्याआधी ते एक दाणा दाताखाली धरत. कट्कन फुटला तर वाळलेला, नुसता दबला तर ओला. लोणी काळभोरचे शेतकरी त्या आवाजाच्या भरवशावर बी नेत.

संकरित बियाणं पहिल्यांदा आलं, तेव्हाही आजोबांनी सवयीनं गुलाबी दाणा तोंडाकडे नेला. बाबांनी गिऱ्हाइकांसमोर त्यांचं मनगट धरलं.

"अहो दादा, विष चोळलंय त्याला!"

"मग पारखायचं कसं?"

"पाकिटावर छापलंय सगळं."

"वा! म्हणजे आता दुकानदार नको, वाचता येणारा माणूस पुरे."

सगळे हसले. आजोबांनी हात धुतले आणि गादीवर न जाता गिऱ्हाइकांच्या बाकावर जाऊन बसले.

बाबांनी आजोबांचा जीव वाचवला, असं मी वर्गात फुशारकीनं सांगितलं. आजोबा पुन्हा कधी गादीवर बसले नाहीत, हे कित्येक वर्षं माझ्या लक्षातही आलं नाही.

"आई, हात धू आधी," मुलगा म्हणाला. "आणि बस तिकडे बाकावर, मी बघतो."

मी हात धुतले आणि परत गादीवर येऊन बसले.