डोंगरावरचं घड्याळ

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. एखाद्या हट्टी माणसाबरोबर जीपमधून हिंडा, आपोआप साठतात! मी ते रात्री जेवताना घरी सांगत असे. पत्नी गेल्यापासून ऐकायला समोर कोणी नाही, म्हणून लिहून ठेवतो.

सत्तरच्या दशकात मी सांगलीकडच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवत होतो. आमचे विभागप्रमुख आठल्ये सर. सापेक्षतावादाचे पुरावे गावोगाव सांगायचे, हा त्यांचा ध्यास. विमानातून फिरवलेली घड्याळं, डोंगरावर नेऊन ठेवलेलं घड्याळ, सगळं ते रंगवून सांगत. "एका तरी माणसाला मनापासून पटलं पाहिजे!" एवढीच त्यांची इच्छा.

पण फरक किती पडतो, तो आकडाही ते लगेच फळ्यावर लिहीत. शून्य, टिंब आणि पुढे शून्यांची रांग! ती पाहिली की लोक चपला शोधू लागत.

"सर, आकडा राहू दे ना," मी वैतागून म्हणायचो.

"आकडा लपवला तर तो पुरावा कसला? ती थाप झाली!"

मी खडू-डस्टर पिशवीत भरायला लागायचो.

कुंडलच्या सभेत सर म्हणाले, "वेगानं जाणारं घड्याळ सावकाश चालतं."

एक शेतकरी ताडकन उठला. "तरीच! आमची एस.टी. रोज लेट. डायवरच्या घड्याळात टाइमावरच असती बगा!"

सभा खो खो हसली. सरांनी हसण्यावारी न्यायचं की नाही? छे! एस.टी.चा वेग आणि सापेक्षतावाद यांचा संबंध नाही, हे त्यांनी अर्धा तास गणितानं सिद्ध केलं.

"मग लेट का हुती?" शेतकऱ्यानं विचारलं.

याचा पुरावा सरांकडे नव्हता.

आटपाडीला ताऱ्यांचा विषय निघाला. सूर्याजवळून येताना ताऱ्याचा प्रकाश वाकतो, म्हणून तारा जागेवरून सरकलेला दिसतो. पुढे बसलेले एक म्हातारे मेंढपाळ अगदी लक्ष देऊन ऐकत होते. सर खुलले.

"आवं, पर सूर्याजवळचा तारा दिसला कसा?"

"उत्तम प्रश्न! खग्रास ग्रहणात शास्त्रज्ञांनी बाहेर थांबून फोटो घेतले."

"गिराणात? भाईर?" म्हातारबुवांनी घोंगडं उचललं. "चला रं! गिराण न पाळणाऱ्यांचं काय ऐकायचं?"

निम्मी सभा त्यांच्यामागे गेली.

मिरजेत सरांचं मनगटी घड्याळ बंद पडलं. दुरुस्तीला दिलं, तर तिथंही व्याख्यान! डोंगरावरचं घड्याळ पायथ्याच्या घड्याळापेक्षा पुढं जातं, वगैरे.

कारागिरानं डोळ्यावरचं भिंग काढलं. "पुढं पळतंय? मग काटा जरा मागं घ्यायचा की! एवढ्या शिकल्या लोकांत एक मिस्त्री न्हाई व्हय?"

सर तावातावानं निघून आले, घड्याळ तिथंच टाकून. ते आणायला पुन्हा कोण गेलं असेल?

शेवटचा किस्सा साताऱ्याकडचा. हा माझी पत्नी पुन्हा पुन्हा सांगायला लावायची.

गाव असं की घरटी एक माणूस फौजेत. सरांनी फळ्यावर डोंगर काढला, माथ्यावर एक घड्याळ, पायथ्याशी एक. "उंचावर काळ जरा लवकर सरकतो," ते म्हणाले आणि सवयीनं शेजारी आकडा लिहिला.

मागून एक बाई उठल्या. "आवं सर, माजा ल्योक तिकडं लडाखात हाय. लय उंचावर. तितंबी तसंच?"

"तिथंही तसंच."

"म्हंजी त्येचं दिस हितल्यापरीस लवकर सरत्यात?"

"हो! अगदी बरोबर!" सरांचा आवाज चढला. इतक्या गावांत पहिल्यांदाच कुणाला तरी पटलं होतं.

"मग त्येची रजा लवकर यील म्हना की!"

कुणी हसलं नाही. आता सर आकडा वाचणार, म्हणून मी मान खाली घातली.

"किती लवकर यील, सर?"

सरांनी फळ्याकडे पाहिलं. डस्टर हाताशी होतं, तरी त्यांनी शर्टाच्या बाहीनं आकडा पुसला.

"थोडी," ते म्हणाले.

"थोडी का असंना," बाई खाली बसत म्हणाल्या, "यील न्हवं!"