कमानीवरचा सूर्य

वेक्टर चित्राला मरण नाही. फोटो म्हणजे रंगीत ठिपक्यांची दाटी. मोठा केला की ठिपके विटांएवढे दिसू लागतात. वेक्टर म्हणजे नुसत्या रेषांचं गणित. व्हिजिटिंग कार्डावर छापा नाहीतर डोंगरावर कोरा, धार तीच. हे बोलताना आमच्या धंद्यातल्या लोकांचा आवाज कीर्तनकारासारखा होतो.

निफाडकडच्या एका द्राक्ष बागायतदारांच्या सोसायटीचं बोधचिन्ह मी तरुणपणी काढलं होतं. हाताने, शाईत. एक ओंजळ, तिच्यात द्राक्षांचा घड आणि वर मोकळी जागा. ती जागा किती सोडावी हे ठरवायला मला घडापेक्षा जास्त वेळ लागला होता. मूळ कागद सोसायटीने हरवला. त्यावरून रंगवलेला बोर्ड तेवढा ऑफिसात उरला.

यंदा त्यांना रस्त्यावर कमान उभारायची होती आणि तिच्यावर माणसापेक्षा उंच बोधचिन्ह, पत्र्यातून कापलेलं. कापणाऱ्या यंत्राला वेक्टरच लागतो. म्हणून चेअरमन माझ्या गंगापूर रोडच्या ऑफिसात आले आणि बोर्डाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. फोटो कुठल्यातरी जुन्या दसऱ्याचा होता. पूजा करताना हळदकुंकवाचं बोट कुठे टेकवायचं हे आपल्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. जागा मोकळी दिसली की झालं. पिवळ्यावर लाल ठिपका, आणि वरून शिंपडलेल्या नारळाच्या पाण्याने आलेले ओघळ.

मी सगळ्या रेषा नव्याने ओढल्या. ठिपका अर्थातच वगळला. आपलं चित्र इतक्या वर्षांनी स्वच्छ दिसलं.

चेअरमननी स्क्रीनकडे पाहिलं. “भाऊ, सूर्य कुठं गेला?”

“कोणता सूर्य?”

“आपला. उगवता.”

“अण्णा, ते कुंकू आहे. ओघळलंय.”

“काय बोलता! किरणं हायेत त्याला.”

“सगळी किरणं खालीच कशी जातील?”

“मग ऊन काय खालून वर जातं? लेटरहेडवर हाय, पिशव्यांवर हाय. आमदार भाषणात बोलले, हा सूर्य म्हणजे तुमची प्रगती.”

“मूळ चित्रात सूर्य नव्हता. मीच काढलंय ते.”

ते माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहून, आजाऱ्याशी बोलावं तसं म्हणाले, “लय वर्षं झाली, भाऊ. विसरला असाल.”

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. एका बोटाच्या डागाला आमदार, भाषण आणि प्रगती मिळाली होती. माझ्या मोकळ्या जागेच्या बाजूने बोलायला मी एकटा, आणि तोही विसराळू.

“नसंल जमत तर ऱ्हाऊ द्या,” चेअरमन उठत म्हणाले. “नांदगावला भाचा हाय माझा. मोबाइलवरच करतो. द्राक्षं पण जरा मोठी करून देईल.”

म्हणजे घडही गेला असता. मी त्यांना बसवलं, चहा मागवला आणि सूर्य काढला. एकेक ओघळ, जसाच्या तसा. इतकी अचूक रेघ मी आयुष्यात दुसऱ्या कशासाठी ओढलेली नाही.

कमान उभी राहिली. बोधचिन्ह पांढऱ्या पत्र्यावर बसवलंय आणि धार खरोखर निर्दोष आहे. दसऱ्याला शिडी लावून त्याची पूजा झाली. सूर्याच्या शेजारी थोडी जागा मोकळी होती.

पूजेनंतर काढलेला फोटो आता सोसायटीचा डीपी आहे. त्यात दोन सूर्य आहेत. माझी वेक्टर फाइल त्यांच्यातल्या कोणाच्याच मोबाइलवर उघडत नाही.