दुर्बिणीवरचं धुकं

घाटमाथ्यावरच्या आमच्या रायफल क्लबात, ऐन श्रावणाच्या गारठ्यात, स्पर्धेची शेवटची गोळी उरली होती. शेजारच्या चटईवर पालथ्या पडून नेम धरणाऱ्या देशमुखबाईंच्या मी फक्त एका गुणाने मागे होतो. बाई निवृत्त मुख्याध्यापिका, आणि दर पावसाळ्यात मला हरवायचा त्यांचा नेम कधी चुकत नाही.

मी रायफलच्या दुर्बिणीला डोळा लावला, तर समोर नुसतं दूध! काच पुसली, पुन्हा डोळा लावला, पुन्हा दूध. मग पावसाला आणि दुर्बीण विकणाऱ्याला यथेच्छ शिव्या घातल्या.

"अहो, ती वाफ तुमच्याच तोंडची आहे," बाई मान न वळवता म्हणाल्या. "गणपतीची नावं मनात घ्या."

खरंच की! गोळी झाडण्यापूर्वी मी एकवीस नावं पुटपुटतो, आणि एकेक नाव गरमागरम त्या गार काचेवर बसत होतं. ज्याच्यावर जीव जडतो त्याच्या इतकं जवळ जाऊन आपण उसासे टाकतो, की तेच दिसेनासं होतं. आणि आपण हवामानाला बोल लावत बसतो.

मी ओठ मिटले. काच निवळली. समोरच्या निशाणाच्या कागदावरचा काळा ठिपका असा सुरेख दिसला की मला गहिवरून आलं. चाप ओढला. बरोब्बर मधोमध, दहा!

"वा, भाऊ!" बाई म्हणाल्या. "पण तो कागद माझा."