छापून आलेली भरपाई

“कुठं लिवलंय? बोट ठेवा.”

रेवसच्या धक्क्यावर कुणी वर्तमानपत्र उघडलं की गावातला एक गडी बाजूला येऊन उभा राहायचा. आपण ओळीवर बोट ठेवायचं. मग तो स्वतःचं बोट तिथे टेकवून कपाळाला लावायचा. अक्षर एक वाचता येत नव्हतं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आम्ही हसायचो.

तो गावच्या भातगिरणीत भात ओतायचा, भुवयांपर्यंत कोंडा. मी अलिबागच्या एका साप्ताहिकाचा बातमीदार. कामावरून कमी केलेल्यांना भरपाई द्यायचा कायदा तेव्हा नवा होता. गिरणीमालकाने आठही गड्यांना कमी केलं आणि मला चहा पाजून सांगितलं, “शुक्रवारी सगळ्यांना भरपाई देतोय.” आमचा अंक बुधवारीच छापायला जायचा. मी लिहून टाकलं : सर्व कामगारांना भरपाई मिळाली, कामगार समाधानी. एकालाही विचारलं नाही.

शुक्रवारी गिरणीला कुलूप होतं. मालक मुंबईला गेला तो गेलाच.

बाकीचे सात जण मिळेल त्या कामाला लागले. हा दाद मागायला अलिबागच्या सरकारी कचेरीत गेला. कारकुनाने माझाच अंक पुढे केला. “हे बघ, तुला पैसे मिळालेत.”

तो तसाच माझ्या दारात आला. “दादा, बोट ठेवा.”

मी ठेवलं. खरं काय ते तेव्हाच सांगायला हवं होतं. त्याने बोट कपाळाला लावलं आणि हळूच म्हणाला, “मंग मिळालंच असतील. मी ठेवलं कुठं?”

मी हसलो. तो हसला नाही.

आठवड्याने त्याच्या खाडीकाठच्या झोपडीवरून गेलो. सारवलेली जमीन चुलीपर्यंत उकरलेली. बायको दारात उभी होती.

“बघा भाऊ, तुमच्या पेपरानं माजं घर खाल्लं!”

“वहिनी, त्याला पैसे मिळालेच नाहीत. मी चुकीचं लिहिलं.”

आतल्या खड्ड्यातून त्याचा शांत आवाज आला, “मंग दादा, तसं छापा.”

मी संपादकांकडे गेलो. ते म्हणाले, “चूक कबूल केली तर उद्या आपलं कोण वाचेल?” मला नोकरी हवी होती. मी पुढची बातमी लिहायला बसलो. पुढचा अंक त्याने धक्क्यावर कुणाकडून तरी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून घेतला. त्यात काही नव्हतं.

त्यानंतर गेलो तेव्हा पहार बायकोच्या हातात होती. तिने मान वर केली नाही. “छापलंय, तवा असंलच ना कुठं.”

एका सकाळी झोपडी रिकामी दिसली. दोघं कुठे गेली ते कुणालाच कळलं नाही. पैसे घेऊन पळाली, असं लोक म्हणाले. घाईत थोडे राहिले असतील, असंही म्हणाले. मग लोक खणू लागले. पैसे नव्हतेच, असं मी एकेकाला सांगत फिरलो. एक शेजारी डोळा मारून म्हणाला, “बातमी तुमची, न् आता म्हंता न्हाय? एकट्यानं खणायचंय व्हय?”

खांब कलले, छप्पर बसलं. भरतीचं पाणी खड्ड्यांत येऊन राहू लागलं.

परवा काठी टेकत तिथवर गेलो. एका खड्ड्यात काठी कशाला तरी अडली. मी गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी चिखल उपसू लागलो.