उसाकडं तोंड केलेला भोंगा

नारायणगावला एसटीतून उतरलो तेव्हा ऊन चढलं होतं. सचिन, माझा जुना विद्यार्थी, मोटरसायकल घेऊन उभा होता. पत्नी गेल्यापासून मी घराबाहेर पडलो नव्हतो, म्हणून त्यानं आग्रहानं आपल्या गावी, निमगाव सावाला बोलावलं होतं.

वाटेत दोन्हीकडं ऊस. एका वळणावर दोन बायका गवताचे भारे घेऊन चालल्या होत्या. त्यांच्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे होते.

"वाघ मान धरतो," सचिन म्हणाला. (इथं बिबट्याला वाघच म्हणतात.)

"पट्ट्यानं वाचतं माणूस?"

"पट्टेवालीला धरलेलं आमी तरी पाह्यलं न्हाई, सर. पण बिनपट्ट्याच्यांनाबी रोज थोडंच धरतो?"

दुपारी त्याच्या आईनं, मालनकाकूंनी, मासवडी वाढली. नावात मासा, आत तीळ-खोबरं. रश्शानं डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात वावरातून (शेतातून) कुणी पुरुष ओरडला, "हाऽड! निघ!" थोड्या वेळानं पुन्हा तेच, त्याच सुरात.

"कोण आहे?"

"आमचे मालक," काकू म्हणाल्या.

सचिनचे वडील वारले होते. जाण्याआधी त्यांनी भाजीवाल्यांकडं असतो तसल्या भोंग्यात आपला आवाज भरून ठेवला होता. पण नुकतंच त्या वाजत्या भोंग्याजवळूनच वाघानं वासरू नेलं. कांद्याची रोपं लागणीला आलेली, आणि बायका यायला तयार नव्हत्या. बसून, वाकून काम करायचं, पाठीशी ऊस. म्हाताऱ्याचा आवाज वाघाला पाठ झालाय, असं त्यांचं म्हणणं.

"आमच्या घरातले समदे आवाज त्याला म्हाईत हायेत," काकू म्हणाल्या. "तुमचा नवा हाय, सर."

नवा भरला की जुना पुसला जाणार. मी कचरलो. "जुना फोनमधे घेतलाय," सचिन म्हणाला. काकू बांधावर गेल्या, एकदा पूर्ण ऐकलं आणि म्हणाल्या, "घ्या आता."

मी ओरडलो.

"सर, एवढ्यानं मांजरबी उठायचं न्हाई," काकू म्हणाल्या.

"आमचं गणित चुकल्यावर ओरडायचात, तसं," सचिन म्हणाला.

तसा ओरडलो. शेवटी ठसका लागला, तोही भरला गेला. मी पुन्हा भरू म्हटलं.

"ऱ्हाऊ द्या," काकू म्हणाल्या. "माणूस असल्यावानी वाटतंय."

दुसऱ्या दिवशी बायका आल्या. माझा आवाज उसावर ओरडत, खोकत राहिला. काकू मात्र लागणीला बसल्या नाहीत. काठी घेऊन उसाकडं तोंड करून उभ्या.

"भोंगा आहे ना?" मी विचारलं.

"हाय म्हणूनच. वाजतोय म्हणून समद्याजणी खाली बघत्यात. कुणीतरी वर बघाय नको?"

संध्याकाळी लागण संपली. बायका एकमेकींना हाका मारत घरी गेल्या. वाघ आला होता का, मी विचारलं.

"कुणाला ठावं. दिसला न्हाई." काकूंनी भोंगा बंद केला.

पुण्याला परतलो. दार लावलं, कडी घातली, साखळी अडकवली आणि खुर्चीत बसलो. मग कडी घातली की नाही, तेच आठवेना. पूर्वी आतून "घातलीस का रे?" असा पत्नीचा आवाज यायचा, आणि मी मागं वळून बघायचो. तो आवाज आता नव्हता. उठून पाहिलं. घातली होती.