दादाचा निळा बदाम

आधी मी फोनलाच शिव्या घातल्या. नवा नाही, पण एवढाही म्हातारा झालेला नाही की साधा एक बदामाचा इमोजी दाखवता येऊ नये. रोज सकाळी उठल्या उठल्या मी दादाला 'जयभीम' पाठवायचे आणि चहा उकळेपर्यंत त्या मेसेजच्या खालच्या कोपऱ्यात त्याचा निळा बदाम येऊन बसायचा. त्या दिवशी चहा झाला, पिऊन झाला, कपबशी विसळून झाली, तरी कोपरा रिकामाच.

बाहेरच्या माणसाला हा येडेपणा वाटेल. एका बदामासाठी कोण एवढं डोकं फिरवून घेतं? पण आमच्यात बोलायला तेवढंच उरलं होतं.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. तो घाटकोपरला, मी मुलुंडला, मधे चार स्टेशनं. वहिनी लवकर गेली, मग घरात तो आणि त्याची एकुलती एक मुलगी. दादा बौद्धाचार्य आहे, म्हणजे आमच्यातली लग्नं लावतो. पांढरा शर्ट, पांढरी पँट घालून रविवारी निघायचा. बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती, त्रिशरण, पंचशील, नवरा-नवरीच्या प्रतिज्ञा, की लागलं लग्न. भटजी नाही, होम नाही, मुहूर्त नाही. त्याने लग्न लावलेल्यांची पोरं आता कॉलेजात जातात. आणि त्याच्या स्वतःच्या मुलीच्या लग्नात होम पेटला.

मुलगा दुसऱ्या जातीतला, याचं दादाला काहीच नव्हतं. उलट म्हणाला, बाबासाहेबांनी हेच तर सांगितलंय. पण मुलाच्या आजीला सप्तपदी हवी होती, आणि आमच्या पोरीने मान डोलावली. म्हातारीचं मन कशाला मोडायचं, म्हणाली. म्हाताऱ्या बापाचं मोडलं तर चालतंय, असं दादा म्हणाला नाही, पण त्याच्या तोंडावर ते दिसत होतं. तो लग्नाला गेला नाही. मी गेले. का नाही जाणार? आई नसलेली पोरगी, तिच्या पाठीशी आमच्याकडचं एक माणूस नको? आजही कोणी विचारलं तर मी हेच सांगेन, वर दोन शब्द ऐकवीनही.

लग्न लागल्यावर हॉलच्या जिन्यात उभी राहून मी दादाला मेसेज टाकला. 'लग्न झालं. पोरगी खूश आहे. जयभीम.' जेवणाच्या पंगती उठल्या तेव्हा त्यावर निळा बदाम आला होता. आता तो बदाम जयभीमला होता की बातमीला, हे मी विचारलं नाही आणि तो सांगणाऱ्यातला नाही. मी पोरीला दाखवला. ती नवरीच्या साडीतच पायरीवर बसली आणि मेकअपची वाट लावेपर्यंत रडली.

तिचा नंबर दादाने ब्लॉक केला होता. मला ब्लॉक केलं नाही, पण बोलणं बंद. एकदा न सांगता मी घाटकोपरला जाऊन धडकले. त्याने दार उघडलं, पाणी दिलं, माझ्याकडे पंखा फिरवला आणि पेपर तोंडासमोर धरून बसला. मी बडबड बडबड केली, भांडले, गप्प झाले. निघाले तेव्हा जिन्यातला दिवा लावायला मात्र बाहेर आला. या माणसाच्या पाया पडावं की त्याचं डोकं फोडावं, मला आयुष्यभर कळलेलं नाही.

तेव्हापासून रोजचं जयभीम आणि रोजचा बदाम. कधी मी जयभीमला शेपूट जोडायचे. तिला ताप होता, उतरला. तिला बढती मिळाली. तिने परवा तुझ्यासारखं सुकट केलं होतं, खारट झालं. त्यालाही बदाम यायचा. आणि थोड्या वेळाने अंधेरीला ऑफिसात जाता जाता पोरीचा मेसेज, 'आला का?' मी लिहायचे, 'आला.' एवढ्यावर तिचा दिवस सुरू व्हायचा. बाप अजून दार पूर्ण लावून बसलेला नाही, याचा तिच्याकडे तेवढाच एक पुरावा होता.

मग तिला मुलगा झाला. मी मॅटर्निटी होममधूनच कळवलं, 'मुलगा झाला. दोघं बरी आहेत. जयभीम.' मेसेज पोचतो न पोचतो तोच बदाम हजर. मी तिला म्हटलं, पाघळतोय गं म्हातारा. ती अंगात त्राण नसताना हसली. म्हणाली, बाळ बसायला लागलं की घाटकोपरला घेऊन जाते, हाकलून दिलं तरी जाते. बोरिवलीला सासरी तिने बाळाच्या कपड्यांत एक पांढरा सदरा वेगळा काढून ठेवला होता, त्या दिवसासाठी.

बारशाला मी बोरिवलीला गेले. पाळण्यातल्या बाळाचा फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी जयभीमबरोबर पाठवला. नाक दादाचं आहे, त्याला दिसू दे तरी. तोच तो दिवस. कोपरा रिकामा राहिला तो तेव्हापासून.

नेमकं त्याच आठवड्यात ते मेसेजचं ॲप खरोखर बिघडलं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर बोंबाबोंब. कुणाचे अंगठे दिसेनात, कुणाचे हात जोडलेले दिसेनात. सेक्रेटरीने पाण्याच्या टाकीची सूचना टाकली आणि एकही अंगठा आला नाही म्हणून माणूस खचून गेला. मला एखादी वस्तू बिघडल्याचा एवढा आनंद आयुष्यात झाला नव्हता. पोरीचा 'आला का?' आला, मी ऐटीत लिहिलं, 'ॲप बिघडलंय. बातम्यांत पण आहे.'

दोन-तीन दिवसांनी ॲप सुधारलं. सेक्रेटरीला त्याचे सगळे अंगठे एकदम मिळाले. दादाचा बदाम काही आला नाही.

मग मी हात धुऊन फोनच्या मागे लागले. अपडेट केला. बंद करून चालू केला. जागा भरली असेल म्हणून सगळे सुप्रभातचे फुलांचे फोटो उडवले. शेवटी स्टेशनजवळच्या मोबाइलवाल्याकडे गेले. तो म्हणाला, आंटी, ॲप काढून परत टाकू, सब ठीक हो जाएगा. टाकलं. जुने मेसेज परत आले, पण त्यांवरचे बदाम कमी झालेले. गेल्या कित्येक महिन्यांचे साफ नव्हतेच. मी उलट पावली दुकानात गेले आणि त्या बिचाऱ्याला चार गिऱ्हाइकांदेखत झापलं, माझे बदाम खाल्लेस म्हणून. तो सॉरी सॉरी म्हणत राहिला. त्याचा काय दोष होता, पण मला कुणाचा तरी दोष पाहिजे होता.

पोरीचं कामच ॲप तपासण्याचं. नवं ॲप आलं की ते कुठे कुठे मोडतं, हे शोधून काढायचा तिला पगार मिळतो. ती म्हणाली, आत्या, तू काही करू नकोस, रविवारी मी येऊन बघते.

बाळाला नवऱ्याकडे ठेवून ती आली. बोरिवलीहून अंधेरी, मग मेट्रोने घाटकोपर, आणि तिथून इकडची गाडी. बापाच्या स्टेशनावर उतरते आणि बाहेर न पडता पूल चढून गाडी बदलते, दर वेळी. मी त्याबद्दल काही बोलत नाही. जेवलो, आणि तिने फोन हातात घेतला. तिचं बोलणंच बदललं. मला सुटे सुटे प्रश्न विचारत गेली. बाकीच्यांचे बदाम दिसतात का? दिसतात. तिने तिच्या फोनवरून एक टाकून पाहिला, लगेच दिसला. कपाळाला आठी घालून म्हणाली, 'शेवटचं नीट कधी चाललं होतं? आणि त्यानंतर काय बदललं?'

मी तीस वर्षं नर्स म्हणून वॉर्डात काढली. पेशंट आला की पहिलं विचारायचं, कधीपासून होतंय, त्याआधी काय खाल्लं होतं. हे मला दुसऱ्यांना विचारता येतं. स्वतःला विचारायचं महिनाभर सुचलं नाही, की सुचू दिलं नाही, कोण जाणे.

ती मेसेज वर सरकवत बारशाच्या फोटोपाशी आली. थांबली. दोन बोटांनी फोटो मोठा केला. बाळाचं नाक नाही, कोपरा. तिथे पाळण्याच्या मागे चौरंग होता, कलश होता, आणि चार बाजूंना केळीचे खुंट. मी सत्यनारायण पाहिला होता, प्रसादाचा शिराही खाल्ला होता, पण फोटो काढताना मला बाळाशिवाय काही दिसलंच नव्हतं. दादाने मोठा करून पाहिला असणार. तोही नाकच बघायला गेला असेल.

मी म्हटलं, सासरचे करणारच, त्यात तुझं काय. ती फोटोकडे बघत म्हणाली, 'खुंट मीच बांधलेत, आत्या.'

मग तिने आणखी वर सरकवलं. बाळ झाल्याच्या बातमीवरचा बदाम नव्हता. तो तर आला होता, मी तिला स्वतः दाखवला होता. त्याच्या वरचे नव्हते. बढतीवरचा नव्हता, सुकटीवरचा नव्हता. बोट सरकवत सरकवत ती दोन वर्षं मागे गेली, तेव्हा कुठे निळे बदाम दिसायला लागले. लग्नानंतरचा पहिला महिना तेवढा उरला होता.

आणि आमच्या डोळ्यांदेखत त्यातला एक गेला.

वर दादाच्या नावाखाली 'ऑनलाइन' असं आलेलं होतं. पोरीने ते बघितलं. तिने दोन वर्षांत बापाला ऑनलाइन पाहिलेलं नव्हतं. रविवारी जेवून आडवं पडल्यावर पप्पा फोन बघतात, हे तिला पाठ. थोडा वेळ गेला आणि त्याच्या वरचा बदाम गेला. मग त्याच्या वरचा. नुसतं जयभीम असलं की पटकन जायचा. जिथे मी शेपूट जोडलं होतं, तिला ताप वगैरे, तिथे वेळ लागायचा.

माझं माथं सणकलं. फोन लावते आणि सोलून काढते, म्हटलं. एकेक उचकटून काढतोय, एवढा रिकामा आहे का हा माणूस? पोरगी म्हणाली, नको. मग एकदम हळू म्हणाली, वाचतायत गं ते सगळं. तिचा चेहरा बघून मला माझ्या रागाचीही लाज वाटली आणि दादाचा आणखीच राग आला. आम्ही दोघी एका फोनवर वाकून बसलो. करण्यासारखं काहीच नव्हतं.

सगळे काढत काढत तो लग्नाच्या मेसेजपाशी आला. 'लग्न झालं. पोरगी खूश आहे. जयभीम.' तो बदाम राहिला. आम्ही वाट पाहिली, तरी राहिला. दादा ऑनलाइनच होता. खालून भंगारवाला ओरडत गेला, शेजारच्यांचा टीव्ही लागला, तरी बदाम तिथेच. हा नाही काढणार, माझ्या मनात आलं. एवढा एक ठेवील. मी तिला कोपराने ढोसलं, लिही ना काहीतरी.

तिने बराच वेळ बोट नुसतं धरून ठेवलं. मग माझ्या फोनवरून एकच शब्द लिहिला आणि पाठवला. 'पप्पा.'

मी त्याला दादा म्हणते. पप्पा म्हणणारं जगात एकच माणूस आहे. वाचल्याची खूण ताबडतोब आली. दादाच्या नावाखाली 'टाइप करत आहे' असं आलं. पोरीने माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की बांगडी रुतली. ते आलं, गेलं, परत आलं. मग गेलं. मग लग्नाच्या मेसेजवरचा बदाम गेला. मग ऑनलाइनही गेलं.

पोरगी रडली नाही. ऑफिसात सांगतात तशा आवाजात म्हणाली, 'ॲपला काही झालेलं नाहीये, आत्या.' फोन पालथा ठेवला, तोंड धुतलं, बाळाच्या दुधाची वेळ झाली म्हणाली. दारात मी तिला म्हटलं, होईल गं नीट, बाप आहे तो. मी खोटं बोलले, ते तिलाही कळलं, तरी ती हो म्हणाली. तिला परत जाताना घाटकोपरलाच गाडी बदलायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या मी दादाला जयभीम पाठवलं. त्याने वाचलं. चहा झाला. बदामाची मी वाट पाहत नव्हते, एवढी अक्कल मला आली होती. फोन हातात घेऊन बसले होते ते दुसऱ्याच मेसेजसाठी. बाळंतपणाच्या रजेतही तो रोजच्याच वेळेला यायचा. तिची एरवी अंधेरीला पोचायची वेळ झाली, ऑफिस सुरू व्हायची वेळ झाली.

मी अजूनही रोज पाठवते, आणि दादा रोज वाचतो. फक्त 'आला का?' असं आता कोणी विचारत नाही.