पंचकाचं निमित्त आणि अल बर्शाचं घर

ती मेथीची जुडी अजून डोळ्यांसमोर आहे. आखातात, अल बर्शातल्या मुलाच्या भाड्याच्या फ्लॅटच्या बाल्कनीत पेपर पसरून आम्ही दोघं भाजी निवडत होतो. मी देठं टाकायला लागलो तशी ही म्हणाली, "अहो, कवळी देठं कशाला टाकता? गुन्हेगार आहेत का ती?" तो रविवार. सोमवारी ही गेली. हृदय बंद पडलं.

मी सातवी शिकलेला. शिपाई म्हणून भरती झालो, सहायक फौजदार होऊन निवृत्त झालो. ही केस मात्र निवृत्तीनंतरची, माझ्याच घरातली.

दिवसकार्य उरकलं आणि घराचा एजंट भेटायला आला. मराठीच माणूस. डोळे पुसले आणि म्हणाला, "काकू पंचकात गेल्या हो. अशा घरात राहिलं की पाठोपाठ आणखी जातात. घर सोडा, दुसरं मी बघतो."

सून घाबरली. पोरं लहान. मुलगा इंजिनियर, पण तोही म्हणाला, "बाबा, रिस्क कशाला?" एजंटनं कागदसुद्धा धाडला: आम्ही आमच्या मर्जीने घर सोडत आहोत. सही तेवढी राहिली होती.

मला तिथून हलायचं नव्हतं. हिचा हात शेवटचा ज्या डब्यांना लागला, ते त्या घरात होते.

खबर वॉचमननं दिली. लिफ्टपाशी म्हणाला, "चाचा, कल नयी फॅमिली आपका फ्लॅट देखने आ रही है. आप जा रहे हो क्या?"

आमची सही नाही, आणि गिऱ्हाईक तयार!

मुलाला विचारलं, "मालकाला घर खाली करून घ्यायचं असेल तर इथला कायदा काय?"

"बारा महिने आधी लेखी नोटीस, नोटरीतून. कारणही द्यावं लागतं."

"आणि आपणच मुदतीआधी सोडलं तर?"

"मग करारातला दंड आपल्यावर."

म्हटलं, "म्हणजे हा आपल्याकडून कबुलीजबाब लिहून घेतोय."

संध्याकाळी एजंटला चहाला बोलावलं. इथं माझ्याकडे ना वर्दी, ना कोठडी. पण संशयिताला चुकीची माहिती द्यायची आणि तो दुरुस्त करतो का बघायचं, याला वर्दी लागत नाही.

"ही गुरुवारी पहाटे गेली. तेव्हा पंचक लागलं होतं का रे?"

"हो काका, गुरुवारीच! गुरुजींनी पंचांग उघडून दाखवलं मला."

"गुरुवारचंच पान?"

"अगदी गुरुवारचं."

सुनेनं मान वर केली. "आई सोमवारी गेल्या."

त्याचा कप बशीवर वाजला. मुलानं तिथूनच मालकाला फोन लावला. मालकाला यातलं काही माहीत नव्हतं. "हबीबी, तुम्ही राहा ना," एवढंच तो म्हणाला.

एजंट पुटपुटला, "काका, नवीन पार्टी आणली की कमिशन मिळतं. माझाही संसार आहे."

"खलास," मी म्हटलं. "चहा संपव आणि निघ."

पंचक खरं की खोटं, मला ठाऊक नाही. चोर कुलूप बघून येतो असं आम्ही ठाण्यात म्हणायचो. हा रडतं घर बघून आला. दुःखातला माणूस कशालाही हो म्हणतो, म्हणून घरात माणूस गेलं असेल तर सही थोडी थांबवावी. करार आधीच शांतपणे वाचून ठेवावा, रडताना अक्षर दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेट्रोनं करामाच्या भाजीबाजारात गेलो. मेथीची जुडी आणली, बाल्कनीत पेपर पसरला आणि एकटाच निवडत बसलो. कवळी देठं टाकली नाहीत.